सोनाराचे कान

भाऊकाकाचं कोचीहून आलेलं आंतर्देशीय पत्र पोस्टमनने ओटीवर उभं राहून वाचून दाखवलं होतं. साल १९७२. पत्रात नेहमीचंच सगळं होतं: तब्येत, मनिऑर्डर, कलमांना मोहोर कसा आहे याची चौकशी. आणि मध्येच एक ओळ, ‘आता मी सोनारवर आहे.’ आजीने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “सोनारकाम शिकाचा होता तर हय काय वायट होता? आणि बोटीर सोनार कित्याक लागता?”

हा प्रसंग माझ्या जन्माआधीचा. पण घरात तो इतक्यांदा सांगितला गेलाय की मला तो पाहिल्यासारखा वाटतो. देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात भाऊकाका आजही ‘नेव्हीतलो सोनार’ म्हणूनच ओळखला जातो. पंधरा वर्षं नोकरी करून १९८५ मध्ये तो गावी परतला, कलमं बघू लागला, भजनाला पखवाज वाजवू लागला. बोटीवर नक्की काय करायचास, असं कुणी विचारलं तर एकच शब्द बोलायचा. “ऐकायचो.”

मी ठाण्याच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा आला की दरवर्षी मला आजीचा प्रश्न आठवतो आणि दरवर्षी वाटतं, ती अगदीच चुकली नव्हती. पूर्वी बाजारात चांदीचा रुपया घेताना तो दगडावर वाजवून घ्यायचे. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. भाऊकाका बोटीच्या पोटात एका अंधाऱ्या खोलीत बसून हेच करायचा. जहाजाच्या तळाशी बसवलेल्या यंत्रातून, त्याचंच नाव सोनार, पाण्यात एक ठोका सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. माशांच्या थव्यावरून तो बद्द येतो, पसरट येतो. पोलादावरून येतो तो खणखणीत. समोरची वस्तू आपल्याकडे येत असेल तर प्रतिध्वनीचा सूर किंचित चढतो, लांब जात असेल तर उतरतो. गाडी फलाटातून सुसाट निघून जाताना शिट्टीचा सूर पडतो, तसा. भरतीनंतर त्याची आवाजांतला चढ-उतार ओळखण्याची परीक्षा घेतली होती. भजनात वाढलेल्या पोराला ती अवघड गेली नाही.

हे सगळं आवाजावरच का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. कारण पाण्याखाली दुसरं काही चालतच नाही. प्रकाश शे-दोनशे मीटरमध्ये संपतो. रडारच्या लहरी पाण्यात शिरल्या की लगेच विरतात. आवाजाला मात्र पाणी मानवतं. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५००. म्हणून पाणबुडीचं युद्ध हे सगळं कानांचं युद्ध आहे. उपग्रह आले, क्षेपणास्त्रं आली, तरी पाण्याखालच्या या एका गोष्टीत फरक पडलेला नाही.

आणि इथेच मोठी अडचण आहे. वाजवलेलं नाणं बाजारभर ऐकू जातं. जहाजाने ठोका सोडला की तो पाणबुडीपर्यंत एकदाच प्रवास करून पोचतो. जहाजाला मात्र काही कळायचं तर त्याच ठोक्याने जाऊन परत यावं लागतं. म्हणजे शोधणाऱ्याला चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी, दुप्पट अंतरावरून, लपणाऱ्याला कळलेलं असतं की कुणीतरी आपल्याला शोधतंय. म्हणून पाणबुडी सहसा ठोका सोडत नाही, ती नुसती ऐकते. तिच्यातली यंत्रं रबरी गाद्यांवर बसवलेली असतात. अंगावर बाहेरून रबराच्या लाद्या डकवलेल्या असतात, आलेला ठोका गिळून टाकायला. पंख्याच्या पात्यांभोवती बुडबुडे होऊन फुटू नयेत म्हणून ती सावकाश चालते. शांततेचा हुकूम झाला की आतली माणसं हळू बोलतात, हातातून पाना पडू देत नाहीत.

सुट्टीत आम्ही मुलं गावी जायचो तेव्हा संध्याकाळी काका आम्हाला होडीतून खाडीत न्यायचा. मुखाजवळ गेलं की वल्हवणं थांबवायचा, वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरायचा आणि दांड्याचं टोक माझ्या कानामागच्या हाडाला टेकवायचा. “बोल, काय ऐकू येतं?” पहिल्यांदा मला काहीच आलं नाही. मग चुरचुर आली. कढईत बोंबील सोडल्यावर तेल तडतडतं तशी, सगळीकडून, अखंड. मला वाटलं वल्हं सुकून तडकतंय. ती कोळंबी, त्याने सांगितलं. आपण खातो ती नव्हे, तिच्या भावकीतली बोटाएवढी एक. तिची एक नांगी मोठी असते. ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि चुटकी वाजते. अशा लाखो चुटक्या. उबदार, उथळ किनाऱ्यावर हा आवाज रात्रंदिवस चालू असतो आणि दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांची चाहूल घेणाऱ्यांनाही त्याने बेजार केलं होतं. मग काकाने घोळ आणि ढोमा कसे बोलतात ते सांगितलं. पालघरकडे ज्याला भोत म्हणतात आणि जे सोन्याच्या भावाने विकलं जातं, ती घोळीच्या पोटातली हवेची पिशवी. तिच्यावर स्नायू थरथरवून हे मासे ढोलकीसारखा घुमारा काढतात. अरबी समुद्रात देवमासेही आहेत. इथले हंपबॅक तर बाकीच्यांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत, बारा महिने इथेच राहतात आणि गातात. त्यात ट्रॉलर्सचे पंखे, तेलविहिरींची धडधड, पावसाची सर, लंगराच्या साखळ्या. या सगळ्या गोंगाटात एक आवाज ओळखायचा असतो, आणि तो आवाज न करण्यासाठी समोरच्या पन्नास-साठ माणसांनी जीव पणाला लावलेला असतो.

“पाणी खोटं बोलतं,” काका म्हणायचा. “मे महिन्यात दुपारी सगळ्यात जास्त.”

मला हे वाक्य कॉलेजात जाईपर्यंत कळलं नाही. उन्हाने समुद्राचा वरचा थर तापतो, खाली थंड पाणी तसंच राहतं. आवाज गरम पाण्यात जरा वेगाने जातो आणि थंड पाण्यात हळू, म्हणून आडवा सोडलेला ठोका वाकून खाली जातो, कमी वेगाच्या पाण्याकडे. पुढे काही अंतरावर सावलीसारखा एक पट्टा राहतो, जिथे ठोका पोचतच नाही. १९३०च्या दशकात अमेरिकन नौदलाला क्युबाजवळ हा अनुभव आला. सकाळी यंत्र छान चालायचं, दुपारी त्याच जागी, तेच यंत्र, तीच माणसं, आणि पाणबुडी सापडायची नाही. आधी माणसांना दोष दिला गेला. दुपारच्या जेवणानंतर सुस्त होतात, म्हणून. नंतर तापमान मोजत यंत्र खोल सोडलं तेव्हा कळलं की सुस्ती पाण्यात होती.

आपला समुद्र तर महिन्यामहिन्याला पालटतो. मे महिन्यात वर पातळ तापलेला थर. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर चढतं. हिवाळ्यात उत्तरेकडे कोरडे गार वारे वरचं पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली बसतं आणि पाणी खोलवर घुसळून एकसारखं होतं. शिवाय मुंबई-गुजरातसमोर उथळ समुद्राची पायरी जवळजवळ ३०० किलोमीटर आत गेलेली आहे. उथळ पाण्यात आवाज तळाला आपटतो, वर पृष्ठभागाला आपटतो, चिखलात मुरतो, बुडालेल्या जुन्या गलबतांवरून परत येतो आणि पाणबुडी असल्याचा भास करून देतो. सोनारवर बसलेल्या माणसाला आपल्या पाण्याचा स्वभाव पाठ असावा लागतो, वैद्याला नाडी पाठ असते तसा. तो स्वभाव विकत मिळत नाही. जहाज परदेशातून आणता येतं, क्षेपणास्त्र आणता येतं. ऑक्टोबर महिन्यात दीवच्या नैऋत्येला पंचवीस वाव खाली पाणी किती गार असतं, हे आपलं आपल्यालाच मोजत बसावं लागतं, वर्षानुवर्षं.

दीवचं नाव मी उगाच घेतलं नाही.

१९७१च्या डिसेंबरात भाऊकाका अठरा वर्षांचा होता, कोचीला प्रशिक्षण घेत होता. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो त्याचसाठी, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण ९ डिसेंबर मला शाळेत कुणी शिकवला नाही.

त्या दिवसांत दीवच्या नैऋत्येला एक पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला होता. तिला शोधायला मुंबईहून दोन फ्रिगेटी निघाल्या, आयएनएस खुकरी आणि आयएनएस कृपाण. त्यांच्या तुकडीतली तिसरी, कुठार, यंत्रात बिघाड झाल्यामुळे जाऊ शकली नाही. खुकरी इंग्लंडमध्ये बांधलेली, १९५८ मध्ये नौदलात आलेली. समोरची पाणबुडी हंगोर, फ्रान्समध्ये बांधलेली डॅफ्ने जातीची, दोनच वर्षांपूर्वी पाकिस्तानला मिळालेली, नवी आणि शांत. खुकरीचा सोनार जितक्या लांबून हंगोरला पकडू शकत होता, त्यापेक्षा कितीतरी लांबून हंगोर खुकरीला ऐकू शकत होती. दोन्ही बाजूंच्या माणसांचं धाडस बाजूला ठेवून पाहिलं तर त्या दिवसाचा निकाल या एका फरकात होता. हंगोरने दोन जहाजांचा आवाज पकडला, त्यांच्या शोधाच्या फेऱ्या कशा वळतात ते ओळखलं आणि दिवसभर त्यांच्या वाटेवर जाऊन थांबण्याचा प्रयत्न केला.

नौदलाच्या अधिकृत इतिहासात एक गोष्ट नोंदलेली आहे, आणि ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. एका तरुण अधिकाऱ्याने सोनारची पोच वाढवण्यासाठी यंत्रात सुधारणा केली होती आणि खुकरीवर तिची चाचणी चालली होती. चाचणीसाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागायचा. वेगात जहाजाचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानात भरतो. पाणबुडीविरुद्ध जहाजाने भरधाव, वाकडंतिकडं जावं, म्हणजे तिला नेम धरता येत नाही, हा धडा युद्धशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. खुकरी मात्र सावकाश चालली होती. नीट ऐकू यावं म्हणून ती हळू झाली होती.

यावर बरंच लिहिलं गेलंय, कुणाचं चुकलं याचे हिशेब मांडले गेलेत. मला त्यात पडायचं नाही. ज्या माणसांना कमी ऐकू येणारं यंत्र देऊन पाठवलं होतं, त्यांनी जास्त ऐकण्याचा प्रयत्न केला. हंगोरचा पहिला टॉर्पेडो कृपाणवर होता, तो वाया गेला. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पुढचे काही दिवस आपल्या जहाजांनी आणि विमानांनी हंगोरचा पाठलाग केला, पाण्यात खोल स्फोट घडवले. ती निसटली आणि कराचीला पोचली.

काकाला सोनार शिकवणाऱ्यांपैकी एक जण त्याआधीच्या वर्षी बदली होऊन खुकरीवर गेला होता. हे काकाने मला एकदाच सांगितलं, मी वीस-बावीसची असताना, कलमांच्या आळ्यात पाणी घालता घालता. त्या शिक्षकाची एक सवय होती. वर्गात हेडफोन घालून बसलेल्या पोरांच्या मागून तो पावलांचा आवाज न करता चालायचा आणि ज्याला त्याची चाहूल लागेल त्याला शाबासकी द्यायचा. काका एवढंच बोलला आणि पाईप पुढच्या झाडाकडे नेला.

आरमाराची चर्चा आपण आकड्यांत करतो. किती विनाशिका, किती क्षेपणास्त्रं, कुणाचं विमानवाहू जहाज किती टनांचं. छायाचित्रात दिसतं ते आपल्याला बळ वाटतं. सोनारचा घुमट पाण्याखाली असतो, फोटोत येत नाही. पण १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडी कॉन्करर हिने अर्जेंटिनाची क्रूझर जनरल बेलग्रानो बुडवली, ३२३ माणसं गेली, आणि त्यानंतर अर्जेंटिनाच्या युद्धनौका किनारा सोडून पुढे आल्याच नाहीत. उलट बाजूला अर्जेंटिनाची सान लुईस ही एकटी जर्मन बनावटीची पाणबुडी. आपल्या शिशुमार वर्गाच्या पाणबुड्या तिच्याच कुळातल्या. तिचे टॉर्पेडो नीट चालले नाहीत, तिने एकही जहाज बुडवलं नाही. तरी ब्रिटिशांनी तिच्या भीतीने किती शस्त्रं पाण्यात टाकली, त्यातली किती देवमाशांवर पडली, हे वाचलं की पाणबुडी म्हणजे काय ते कळतं. ती कुठेतरी आहे, एवढं पुरतं. मग अख्ख्या ताफ्याला कान होऊन बसावं लागतं.

भारताच्या व्यापारातला वजनाने जवळजवळ ९५ टक्के माल समुद्रावरून येतो-जातो. आपल्या घरात जळणारा गॅस, गाड्यांचं तेल, खतं. न्हावा-शेवाच्या तोंडाशी एक पाणबुडी असल्याची नुसती शंका आली तर विम्याचे दर रातोरात चढतील, जहाजांचे कप्तान लांबूनच वळतील. टॉर्पेडो न सोडता हे घडू शकतं. म्हणून मला वाटतं की आपल्या सागरी संरक्षणाची पहिली चौकशी अशी हवी: आपल्या दारातलं पाणी आपल्याला किती नीट ऐकू येतं?

खुकरीनंतर या देशाने हा प्रश्न मनावर घेतला, हे खरं आहे. कोचीला नौदलाची भौतिकी प्रयोगशाळा १९५२ पासून होती. तिथल्या लोकांनी आपल्या गरम, थरांच्या पाण्यासाठी आपले सोनार बनवायला घेतले. ऐंशीच्या दशकात पहिला मोठा देशी सोनार युद्धनौकेवर चढला, त्याचं नाव ॲप्सो. त्यामागून हमसा आला आणि त्याच्या पुढच्या पिढ्या. १९९४ मध्ये या प्रयोगशाळेसाठी एक संशोधन जहाज आलं, ते समुद्रात फिरून पाण्याचं तापमान, खारेपणा आणि आवाजाची वाट मोजत राहतं. त्याचं नाव सागरध्वनी. नौदलाच्या सगळ्या जहाजांत मला सगळ्यात आवडणारं नाव हे आहे. त्याच्यावर तोफा-क्षेपणास्त्रांचा थाट नाही, संचलनाच्या बातम्यांत ते दिसत नाही, पण तीस वर्षं ते आपल्या समुद्राची नाडी बघतंय.

तरी काही गोष्टी सलतात. गेल्या वीस वर्षांत मोठमोठ्या युद्धनौका आल्या आणि त्यांच्यावर पाण्यात सोनार बुडवून ऐकणारी पुरेशी हेलिकॉप्टरं बरीच वर्षं नव्हती. जुनी सी किंग म्हातारी झाली, नव्या २४ सीहॉकचा करार २०२० मध्ये झाला. समुद्रातले सुरुंग शोधणाऱ्या नौकांपैकी शेवटची २०१९ मध्ये निवृत्त झाली. सुरुंग हा गरिबाचा टॉर्पेडो. एक मच्छीमार होडी तो बंदराच्या तोंडाशी टाकून जाऊ शकते. तो शोधणं हेही ऐकण्याचंच काम, संथ, कंटाळवाणं, रोजचं. त्या कामाच्या नौका जाण्याआधी त्यांची जागा घेणाऱ्या नौका बांधून व्हायला हव्या होत्या. ते झालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आणि कुणाला त्याची फारशी खंत नाही, याचं जास्त.

पलीकडे नावंही परत आलीत. जुनी हंगोर कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. २०१५ मध्ये पाकिस्तानने चीनशी आठ नव्या पाणबुड्यांचा करार केला. त्यातली पहिली एप्रिल २०२४ मध्ये वूहानला पाण्यात उतरली आणि तिचं नाव हंगोरच ठेवलं. साधी डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी भरायला तिला दर काही दिवसांनी श्वासनळी पाण्याबाहेर काढून इंजिन सुरू करावं लागतं, आणि तेव्हाच ती सगळ्यात सहज सापडते. नव्या हंगोरमध्ये हवेवाचून वीज बनवणारी यंत्रणा आहे, त्यामुळे तिला वर येण्याची गरज फारच कमी पडते. म्हणजे ऐकणाऱ्याची हक्काची संधीच गेली.

अशी यंत्रणा आपणही बनवतोय. अंबरनाथला नौदलाच्या साहित्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. माझी बहीण तिथे जवळच राहते आणि तिला लागूनच हे चालतं हे तिच्या गावीही नव्हतं. तिथल्या लोकांनी हायड्रोजनवर चालणारा इंधन घट तयार केला. मार्च २०२१ मध्ये त्याची जमिनीवरची चाचणी झाली. इंधन घटात स्फोट नाही, दट्ट्या नाहीत, म्हणून आवाजही नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत तो बसवण्यासाठीचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. त्या वर्गातली सहावी आणि शेवटची, वागशीर, १५ जानेवारी २०२५ला मुंबईत नौदलात आली. दुसरीचं नाव खांदेरी. थळच्या समोरच्या त्या बेटावर १६७९ मध्ये मराठ्यांच्या लहान, उथळ चालीच्या होड्या इंग्रजांच्या नाकासमोरून रात्रीच्या अंधारात रसद नेत होत्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या पाण्यात शिरता येत नव्हतं.

जून २०२५ मध्ये विशाखापट्टणमला आयएनएस अर्नाळा नौदलात आली. वसईजवळच्या अर्नाळ्याच्या किल्ल्याचं नाव. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या सोळा नौकांतली ही पहिली, ७७ मीटर लांब. नोव्हेंबरमध्ये याच कामाची माहे मुंबईत आली. अर्नाळ्याची बातमी वाचून मी काकाला फोन केला होता. हल्ली त्याला फोनवर बोलणं कठीण जातं, दोन्ही कानांना यंत्रं आहेत. आधी बारीक आवाज गेले, रातकिडे गेले, मग पावशा गेला, मग भजनातल्या टाळांचा झंकार. मी ओरडून अर्नाळा, अर्नाळा सांगत होते. त्याने एवढंच विचारलं, “सोनार कुठला?” मी सांगितलं, आपला. “बरं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “दीवला नेशील?”

गेल्या डिसेंबरात आम्ही गेलो. वेरावळपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. दीवला समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, आणि नावं. आम्ही गेलो तेव्हा सहलीची मुलं फोटो काढत होती. काका नावांच्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. बोट एका ओळीवर थांबलं, मग त्याने ते मागे घेतलं. मी ते नाव वाचलं नाही.

त्याने प्रतिकृतीकडे फारसं पाहिलं नाही. ज्या दिशेला खुकरी बुडाली तिकडे, नैऋत्येला, बघत राहिला. इथून सुमारे चाळीस सागरी मैल. मी त्याला सांगितलं की पुढे माझगाव गोदीत खुकरी नावाची दुसरी नौका बांधली, १९८९ ते २०२१ ती नौदलात होती, आणि निवृत्त झाल्यावर ती याच दीवला दिली. आणि नंतरची कृपाण व्हिएतनामला दिली. “कृपाण व्हिएतनामला,” तो म्हणाला, आणि मान हलवली. ती पसंतीची होती की नवलाची, मला कळलं नाही.

संध्याकाळी वणाकबाऱ्याच्या धक्क्यावर गेलो. मासळीच्या होड्या एकीला एक लागून उभ्या होत्या, जाळी पसरलेली, बोंबलाचा वास. काकाने एका खलाशाला हिंदीत काहीतरी विचारलं. तो खाली वाकला आणि एका लहान डोणीतून वल्हं काढून वर दिलं. मी समजले. आम्ही पायऱ्यांवरून खाली पाण्यापाशी गेलो. काकाने दोन्ही कानांतली यंत्रं काढून माझ्या हातात दिली, पातं पाण्यात उभं धरलं, दांडा कानामागे टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ तसाच वाकून बसला. मग दांडा माझ्याकडे सरकवला.

“तू ऐक.”

चुरचुर लगेच आली. तीच, खाडीतली, बोंबील तळल्यासारखी. तिच्याखाली एक मंद ठकठक, इंजिनाची. मी यंत्रं त्याच्या कानांत परत बसवली आणि सांगितलं, कोळंबी आहे. एक होडी आहे.

“येते की जाते?”

मी पुन्हा ऐकलं. ठकठक हळूहळू मंद होत होती. “जाते.”

“कुठल्या बाजूला?”

मी डोळे मिटले, दांडा दाबून धरला. आवाज होता, पण तो कुठूनच येत नव्हता, डोक्याच्या आतच वाजत होता. मी नाही म्हणून मान हलवली.

“नाही कळायचं,” भाऊकाका म्हणाला. “एकाच कानाने बाजू कळत नाही. त्याला दुसरा कान लागतो, जरा लांब लावलेला.” आणि त्याने धक्क्यावर उभ्या असलेल्या खलाशाला हात करून विचारलं, आणखी एक वल्हं आहे का.